शांतीच्या दोन बादल्या

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. सकाळी ६.४०
मागच्या अंगणात उभ्याने चहा पीत लिहितो आहे. बाबांना रायपूरच्या दवाखान्यात नेऊन आज तिसरा दिवस. यार्डात ड्यूटीवर रूळ ओलांडताना पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. आई त्यांच्याजवळ आहे. चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी एकटा.

ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना बाबा एवढंच म्हणाले, "बाकी राहू दे प्रितम. वेलाले पानी देजो. रोज."

वेल म्हणजे वालाचा. रंगाच्या कापलेल्या ड्रममध्ये लावलेला, मांडवावर चढलेला, नुकता फुलावर आलेला. बी आजीच्या गावचं, गोंदियाकडचं. तिथलं शेत विकून झालं, बी तेवढं राहिलं. आई दरवर्षी ते राखेच्या डब्यात ठेवते. यंदा डब्यात ओल शिरली. वाचले ते सगळे दाणे याच ड्रममध्ये आहेत. म्हणजे जबाबदारी मोठी. मी जबाबदार माणूस आहे. बारावी दोनदा राहिली, हा वेगळा विषय.

संकल्प : रोज सहाला उठणे, वेलाला दोन बादल्या, रविवारी रायपूर. आजचं पाणी दिलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
झोप नाही. बाबांचा पाय वजन बांधून टांगलेला पाहिला, तेव्हापासून छातीत धडधड. मोबाईलवर एक डॉक्टर सांगत होते की कठीण काळात निसर्गाजवळ जावं, पाण्याकाठी बसावं, झाडांकडे बघावं. पटलं. आधी मी खंबीर झालो तरच बाबांना आधार देणार. उद्यापासून सुरू. सकाळचा वेळ त्यात जाईल, पण वेलाला संध्याकाळी पाणी देता येतं. उलट संध्याकाळचंच चांगलं, असं कुठेतरी वाचलं आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
बाईकने फिरताना जुनवानीच्या पुढे एक तलाव सापडला. बगळे, शांतता. चटई आणि थर्मास विकत घेतला, कारण अर्धवट तयारीने शांती मिळत नाही. काठाला लागून भागीरथा दाईची बाडी, म्हणजे भाजीचा मळा आहे. दाई म्हणजे इकडे आई. म्हातारी, गुडघे धरलेले. तिच्या कुंपणावर वालाचा वेल. तलावातून दोन बादल्या आणून घातल्या. ती छत्तीसगढीत पुष्कळ काही बोलली, त्यातलं 'बेटा' मनाला लागलं. फार हलकं वाटलं. असं महिन्यात वाटलं नव्हतं.

संध्याकाळी हात दुखत होते. घरच्या वेलाला उद्या.

२४ नोव्हेंबर, रविवार
रायपूरला जायचं होतं. पण तलावावर गेलो तर लोकल चुकते, न गेलो तर मन अस्थिर राहतं, आणि अस्थिर मनाने रोग्याजवळ बसू नये. तलावावर गेलो.

आईचा फोन. बाबा विचारत होते म्हणाली. मला का, असं विचारलं. नाही, वेलाला. मी सांगितलं, मस्त आहे. हे खोटं नाही. आज पाहिला नाही, पण गुरुवारी मस्तच होता.

तरी जेवण गेलं नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
शेजारच्या पंचफुला काकूंनी भिंतीवरून हटकलं. "कावून रे, वेल असा लाल पडून राहिला?" मी समजावलं की समोरून लोहखनिजाच्या मालगाड्या जातात, त्यांची धूळ. इथे दोरीवरचे पांढरे शर्टसुद्धा लाल होतात, वेल कुठला वाचणार. काकू म्हणाल्या, माझी तुळस तर हिरवीगार आहे. त्यांची तुळस आडोशाला आहे.

मी घालू का पाणी, असं त्यांनी विचारलं. नको म्हणालो. बाबांनी काम मला सांगितलं आहे. दुसऱ्याकडून करून घेणं बरं नाही.

२ डिसेंबर, सोमवार
वेलाची पानं ओल्या फडक्याने पुसली. एकेक, मन लावून. फडकं पांढरंच राहिलं. धूळ आत मुरली असावी. बरीच पानं हातात आली. फडकं पिळलं ते पाणी ड्रममध्ये गेलं, म्हणजे आज पाणी दिलं असं धरायला हरकत नाही.

लिहून पाहिलं. हरकत आहे. उद्या सहाला उठणार.

७ डिसेंबर, शनिवार
दाईच्या वेलाला शेंगा धरल्या. आज तिथे चार बादल्या घातल्या. फोटो काढला. अचानक रडू आलं. निसर्ग माणसाला मोकळं करतो ते हेच.

घरी हल्ली पुढच्या दारानेच ये-जा करतो. मागचं अंगण दिसलं की धडधडतं, आणि धडधड टाळायची असं त्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

११ डिसेंबर, बुधवार. दुपारी ३
आईचा फोन. उद्या बाबांना सुट्टी मिळते आहे.

ड्रममध्ये बादल्यांवर बादल्या ओतल्या. माती इतकी घट्ट झाली आहे की पाणी कडेने उतरून खालच्या भोकातून तसंच बाहेर आलं. अंगणभर चिखल. पंचफुला काकू भिंतीपलीकडून बघत होत्या.

१२ डिसेंबर, गुरुवार
बाबा आले. वॉकर धरून थेट मागच्या अंगणात. आई म्हणत होती आधी बसा, ऐकलं नाही.

मी मालगाड्यांच्या धुळीचं सांगितलं. बाबांची सगळी नोकरी यार्डात गेली आहे. त्यांनी एक पान घेतलं, अंगठ्याने चुरलं आणि अंगठा माझ्यासमोर धरला. लाल नव्हता. मग खुर्चीवर बसले आणि मांडवाकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी तलावाचे फोटो दाखवले. बगळे त्यांना आवडले. एका फोटोवर थांबले. बोटांनी मोठा करून कुंपण बघितलं.

"याले कोन पानी देते?"

"मी."

"रोज?"

"रोज."

बाबांनी मोबाईल परत दिला. म्हणाले, "चांगला वाढवला."

आईने फळीवरचा राखेचा डबा काढला, घासला आणि ओट्यावर पालथा घातला. दाईकडून दाणे मागून आणतो म्हणालो. आई म्हणाली, "ते तिच्या घरचं हाय बेटा."

संध्याकाळी ७. हिशोब.
चटई १८०, थर्मास ४५०, पेट्रोल ६२०. एकूण खर्च १२५०.
देणं : आजीच्या गावचा वाल, मूठभर. समोर रक्कम लिहायची होती. जागा कोरी ठेवली आहे.