तुझ्या हातचा सेल

प्रिय आई,

आज खंडेनवमी. तुझ्याशिवायची पहिलीच पूजा, म्हणून मलकपेठहून सकाळीच चिक्कडपल्लीला आपल्या घरी आले. दारातच ऐकू आलं, टुक्. थोड्या वेळाने पुन्हा टुक्. स्वयंपाकघराबाहेर छताला लावलेला तुझा धुराचा भोंगा सेल संपत आल्याचं सांगत होता, आणि त्याच्याखाली बाबा शांतपणे पेपर वाचत होते! म्हणून हे लिहायला बसलेय. त्यांची तक्रार मी दुसऱ्या कुणाकडे करू?

आठवतं, दादा अमेरिकेहून पहिल्यांदा आला तेव्हा त्याने तो आणला होता? कॉम्प्युटरवाली मुलं तेव्हा घरोघरी सेंट नि चॉकलेटं आणायची. आपल्या घरी भोंगा! तू किती हिरमुसली होतीस. आणि पहिल्याच दिवशी तू ठेच्याच्या मिरच्या तव्यावर टाकल्यास, तर काय बोंबलला! समोरच्या लक्ष्मीअम्मा "एमैंदी? एमैंदी?" करत, काय झालं ते बघायला धावत आल्या. "काही नाही हो," तू म्हणालीस, "मुलाने मला अमेरिकेहून सासू पाठवलीय."

मग नवमी आली. फ्रिज, मिक्सर, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू झालं आणि तू स्टुलावर चढून त्याच्यावरही मनापासून चिमूट उधळलीस. सगळं जाळीतून आत! आरती राहिली बाजूला, तो थांबेचना. बाबा रंगाच्या ब्रशने त्याला झाडत बसले आणि तू कानांवर हात ठेवून विचारत होतीस, "अहो, पावला की काय हा?"

तेव्हापासून त्याची पूजा ठरून गेली. आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, मग कोठीच्या बाजारातून आणलेला नवा चौकोनी सेल, मग बटण दाबून एक बोंब. सगळ्यात शेवटी कडेला ओल्या गंधाचं बोट. जाळीला हात लावायचा नाही. बोंब झाली की बाबा खालून म्हणायचे, "बास, ऐकलं!"

आज मी नवा सेल घेऊनच आले होते. "नक्को," बाबा म्हणाले. त्यांचा हैदराबादी नक्को आला की पुढे बोलणं खुंटतं, तुला ठाऊक आहे.

पण गप्प कशी बसू? गेल्या महिन्यात ते गॅसवर दूध ठेवून झोपले. पातेलं काळंठिक्कर, घरभर धूर. भोंगा ओरडला म्हणून जाग आली. हेही त्यांनी नाही, लक्ष्मीअम्मांनी सांगितलं! "हा मुका झाला तर तुम्हाला उठवणार कोण?" मी ओरडलेच त्यांच्यावर.

त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "तो सेल तिने घातलाय," म्हणाले. "तिने घातलेलं आणि अजून चालू असलेलं घरात तेवढंच आहे."

आई, सगळं तू एकटीच का करायचीस गं? एखाद्या वर्षी त्यांच्या हातून सेल घालून घेतला असतास तर! मला तुझा रागही आला आणि रडूही आलं.

शेवटी म्हटलं, "बाबा, आज नवमी आहे. आईने कुठल्या नवमीला जुना सेल राहू दिला होता?"

त्यांनी पेपरची घडी घातली. मी भोंगा उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवला. ब्रश त्यांनीच फिरवला. जुना सेल काढून तुझ्या कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवला आणि नवा घातला. मी स्टुलावर चढून भोंगा पुन्हा बसवला, बटण दाबलं. काय तो आवाज! खालून मात्र काहीच नाही. मी बोट तसंच दाबून धरलं. लक्ष्मीअम्मांचं दार उघडलं. तरी मी बोट काढलं नाही.

मग बाबा हळूच म्हणाले, "बास. ऐकलं."

गंधाचं बोट मी कडेलाच लावलं, काळजी करू नकोस. दर नवमीला येईन. ब्रश, सेल, बटण, सगळं तुझ्यासारखंच करीन. आणि बाबा "ऐकलं" म्हणेपर्यंत बटणावरचं बोट काढणार नाही.

तुझी,
सुमा