काढून ठेवलेलं घड्याळ

अण्णा,

'साष्टांग नमस्कार' लिहिलं होतं, खोडलं.

कॉलेजात मॅनेजमेंटचा कोर्स घेतलाय. आज मॅडमनी वर्गात नाटक करायला लावलं. मी मालक आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा उशिरा आलेला कामगार. त्याच्याशी शांतपणे बोलून कारण काढून घ्यायचं, एवढंच होतं. तो हसत म्हणाला, "साहेब, झोपच लागली." पुढचं आठवत नाही. भानावर आलो तेव्हा त्याचा ओठ फाटला होता आणि मी छातीवर बसून अजून मारतच होतो. चौघांनी मला ओढून काढलं.

प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसलो होतो, तर शिपाई माझं घड्याळ घेऊन आला. म्हणाला, "टेबलावर राहिलं. मारायच्या आधी काढून ठेवलंस, असं पोरं सांगतात."

वर्कशॉपमध्ये तुम्हीही घड्याळ काढून लेथवर ठेवायचात, मग फिटरच्या कानाखाली वाजवायचात. लादीवरचं त्याचं रक्त मीच पुसलंय. घरी आईवर हात उचलायच्या आधी ते फ्रिजवर ठेवायचात. सुजलेल्या तोंडाने ती शेजारणींना सांगायची, "राग आला की त्यांना भान राहत नाही, मनात काही नसतं." इतकी वर्षं मीही तेच धरून बसलो होतो.

भान सुटलेल्या माणसाला घड्याळाची काच जपायचं सुचत नाही, अण्णा.

हे पत्र टाकणार नाही. आईला वाचून दाखवणार आहे.

तुमच्यावरच गेलेला,
धाकटा