माळावरचे खुरचाफे

रवि., १२ फेब्रु. १९८९, सकाळी ९ वा. १० मि.
पेणला कारखान्यात गणपतीच्या सोंडा घासत होतो. आई दारात उभी. ती इथे कधी येत नाही. म्हणाली, "रोह्याच्या माळावर परत मोजणी लागली. लाल दगडाची. ताईला उकरतील रे."
ताई म्हणजे माझी बहीण. मी तिला पाहिलेले नाही. बाबा तिथल्या बॉक्साइटच्या, म्हणजे त्याच लाल दगडाच्या खाणीत होते. कंपनीच्या चाळीत ती तापाने गेली, दीड वर्षाची. माळावर नुसता कातळ, पुरायला हातभर माती नाही. कंपनीने दगड तपासायला खणून सोडलेले खड्डे तेवढे होते. तिथे पुरायला मॅनेजरची बंदी. बाबांनी चोरून पुरले, वर खुरचाफ्याची फांदी खोचली. पुढे कंपनी गेली. बाबाही.

मंगळ., १४
रजा मिळाली. मालक कुरकुरले. आईला घेऊन माळावर. चाळी नाहीत. पत्रे, दारे, जोत्याचे चिरेसुद्धा लोकांनी नेले. तरी आई मोकळ्या माळावर वळसे घेत चालत होती. का, विचारले. "मधून कशी जाऊ? लोकांच्या खोल्या हायेत." मीही वळसा घातला.
मग ती थांबली. समोर खड्ड्यांची रांग, आणि प्रत्येक खड्ड्यावर खुरचाफा. पाने झडलेली, फुले तेवढी.
"मला वाटलं, आपलाच येक हाय."
मोजणीचे साहेब तिथेच होते. त्यांना ताईचे सांगितले. भले वाटले. म्हणाले, "जुने खड्डेच आधी उकरायचेत. एक दाखवा, तेवढा वगळतो. शुक्रवारपर्यंत सांगा."
आईला ओळखता येईना.

बुध., १५
आई जेवली नाही. भांडी घासताना कोणाला तरी "उगी, उगी" म्हणत होती. घरात तिच्याशिवाय मी एकटाच.

गुरु., १६
खांबहून सखूमावशी आली. चाळीतली आईची शेजारीण. चहा घेताना म्हणाली, "माजा पोरगा पन तिथंच हाय गो."
"तू तर म्हनालीस, मायेरी ठेवलाय."
"आनि तुजी आजोळी व्हती ना?"
दोघी हसल्या. इतक्या की शेजारचे डोकावले. मग आईने कपबशी बाजूला सारून विचारले,
"तुजा कंचा चाफा?"
"नाय वलखत."
"मला पन नाय."
मी म्हटले, चिठ्ठ्या टाकू या का? आईने माझ्याकडे पाहिले. नको होते बोलायला.

शुक्र., १७
पहिल्या एस.टी.ने तिघे माळावर. खड्ड्यांच्या टोकाला बुलडोझर येऊन उभा. मावशीने खुणेसाठी चुना आणलेला. साहेबांनी विचारले, "कोणता?" आईने पहिल्या चाफ्याला पट्टा ओढला. साहेबांनी लिहून घेतले. मग मावशीने दुसऱ्याला. मग आईने तिसऱ्याला.
"अहो बाई, एक म्हणालो होतो!"
मावशी म्हणाली, "मग तुमीच सांगा, यातला कंचा उकरू?"
अर्ध्या रांगेत चुना संपला. आई म्हणाली, "जा, खालून आन. आमी हितं बसताव."
पायथ्याच्या गावात दुकान उघडायची वाट बघत हे लिहितोय. वरून घरघर ऐकू येते. रस्त्यावरची गाडी असेल. की