वैराग–सोलापूर, निम्म्या चार्जिंगवर

सोलापूर, २ डिसेंबर २०२४

ती. शहाजीदाजी यांस,

सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला कमी ऐकू येते आणि मला ओरडून बोलता येत नाही. म्हणून गेले दीड वर्ष आपला पत्रव्यवहार तुमच्या लेकीच्या गाडीतून चालतो. आज मात्र पाकिटाला डिंक जरा जास्त लावला आहे. कारण बातमी टपाल नेणारीचीच आहे.

वैष्णवी तुम्हाला सगळे सांगत नसावी. तिच्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत दोष आहे, ती तापू शकते, असे कंपनीने आषाढात कळवले. बॅटरी फुकट बदलून देऊ, तोपर्यंत गाडी निम्मीच चार्ज करा, उघड्यावर करा, साध्या प्लगवर करा आणि शेजारी कोणीतरी बसून राहा, असेही कळवले. त्यातला ‘तोपर्यंत’ पाच महिन्यांचा झाला. निम्म्या चार्जिंगवर गाडी नव्वद किलोमीटर चालते आणि वैराग ते सोलापूर जाऊन-येऊन होतात चौऱ्याण्णव. म्हणजे जाणे सन्मानाने होते, येणे मात्र दैवाधीन.

पूर्वी ती दिवसभर आमच्या इमारतीखाली गाडी लावून चार्ज करायची. पण कंपनीची ती सूचना आमचे सेक्रेटरी जोतिराम यांनीही वाचली आणि मोठ्या अक्षरांत लिफ्टशेजारी चिकटवली. आता आमच्या पार्किंगमध्ये वैष्णवीच्या गाडीला बंदी आहे. जोतिरामांचा मुलगा माझ्याकडे तीन वर्षे संस्कृत शिकला. त्याचा काही उपयोग झाला नाही, ना त्याला, ना मला.

तिच्या गाडीने रोज सोलापूरला नोकरीला येणाऱ्या चार बायकांपैकी दोघींनी गाडी सोडली. एक एसटीने जाते, एक जीपने. उरलेल्या दोघींतल्या रत्नम्मा, त्या इस्पितळातल्या हेडसिस्टर, माझ्यासमोर वैष्णवीला म्हणाल्या की पोरी, माझी ड्यूटी आठला आहे आणि तुझी गाडी देवाच्या भरवशावर. संक्रांतीपर्यंत बघते, मग मीपण जीप धरते.

तेव्हा कंपनीला मी स्वतः पत्र लिहिणार आहे. तीस वर्षे भाषा शिकवली, ती एकदा तरी कामाला यावी. तुम्ही पोरीवर चिडू नका. रुपालीला सांगा, शेंगाचटणी संपली.

लोभ आहेच, तो मात्र निम्म्यावर थांबवू नये.

आपला
रामहरी

•

वैराग, ४ डिसेंबर

रा. रा. रामहरी गुरुजी यांसी,

स. न. वि. वि.

ती सांगत न्हाय हे खरं, पण बाजारपेठ सांगती की. सकाळी खताचं दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक विचारतं, मालक, काल गाडी कुठवर आली? परवा तीन किलोमीटर अलीकडं बसली. ट्रॅक्टर घेऊन गेलो. पुढं मी ट्रॅक्टरवर, मागं ती स्टिअरिंगवर, मधी दोरखंड. माणसं टपऱ्यांतनं बाहेर येऊन बघत होती. मला लाज वाटली. ती मात्र पुढं नजर ठेवून गाडी चालवत होती, जशी काय आपणच ट्रॅक्टर ढकलतोय.

मी तवाच म्हणालो होतो, डिझेलची जीप घे. तुम्ही दोघं म्हणालात, काळ बदललाय. बदलला असंल, पण तो वाटेतल्या वडाळ्याच्या पुढं येत न्हाय.

म्हणून आता माझं ऐका. पाडव्यापर्यंत बघतो. तोवर बॅटरी आली नाही तर गाडी पत्र्याच्या शेडात उभी करायची आणि पोरीनं पुण्याला नोकरी धरायची. भाच्याच्या हापिसात जागा आहे. हे मी तिला सांगितलं. ती उठून गाडी पुसायला गेली. रुपाली म्हणती, दोन दिवस नीट जेवली नाही. वैरागातल्या बायकांना वेळेवर सोलापूरला पोचवायचं हे तिनं आपलं काम मानलंय. ते तिच्या हातनं काढून घेणारा मीच, हे मला कळतं. पण रोज दोरखंड घेऊन कोण बसंल?

पत्र लिहा. पण त्यांना कळंल असं लिहा.

चटणी पाठवली आहे. माया आहेच, बरणी परत करावी.

तुमचा
शहाजी

•

सोलापूर, ३ जानेवारी २०२५

ती. दाजी यांस,

सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाचावे आणि रुपालीला इतक्यात दाखवू नये.

मी कंपनीला चार पाने लिहिली. शिवीगाळ आपल्याला जमत नाही, म्हणून उपरोधाने लिहिले. ‘आपल्या संस्थेने आमच्या संयमाची जी अखंड जोपासना केली, तिला तुलना नाही’ अशी सुरुवात केली. ‘गंतव्यापेक्षा प्रवासाचे महत्त्व आपण आम्हास दररोज पटवून देता’ असेही एक वाक्य होते. टाकताना मी स्वतःवर फार खूष होतो.

आठ दिवसांत उत्तर आले. आपल्या भावपूर्ण अभिप्रायाने आमचे सर्व सहकारी भारावून गेले, असे त्यात होते. इथपर्यंत हसून सोडता आले असते. पण पत्राखाली मी गाडीचा नंबर दिला होता. तो पाहून त्यांनी वैष्णवीची तक्रार ‘ग्राहक समाधानी’ असा शेरा मारून बंद केली. बॅटरीच्या प्रतीक्षायादीतून तिचे नाव गेले. सहा महिने ती जी जागा धरून उभी होती, ती मी चार पानांत घालवली.

तिने मोबाइलवर ते दाखवले. रागावली नाही. माझे पत्र मागून घेतले, जिन्यात बसून पूर्ण वाचले आणि एवढेच विचारले की मामा, ह्यात बॅटरी हा शब्द कुठं आहे. मी शोधला. चार पानांत नव्हता.

वर मानाचे आमंत्रण आले आहे. रविवारी १२ तारखेला इथल्या शोरूममध्ये आदर्श ग्राहक म्हणून माझा सत्कार आहे. शाल आणि नारळ. मी जाणार आहे. तुमच्या पाडव्याला जेमतेम तीन महिने उरले आणि रत्नम्मांच्या संक्रांतीला अकरा दिवस, हे विसरलेलो नाही.

लोभ शिल्लक असल्यास ठेवावा.

अपराधी
रामहरी

•

वैराग, ५ जानेवारी

गुरुजी,

स. न. वि. वि.

वाचून आधी लई हसलो. महिन्यात पहिल्यांदा. मग हसू गेलं.

दुकानात गिऱ्हाईक येतं तवा तीन गोष्टी सांगतं. काय पाहिजे, किती पाहिजे, कवा पाहिजे. चौथी सांगाय लागला की मी समजतो, ह्याला काही नको, गप्पा मारायला आलाय. तितं माइक हातात आला की तीनच सांगा. आणि शाल आधी घेऊ नका. शाल अंगावर पडली की माणूस मऊ होतो.

रुपालीला मी दाखवलं न्हाय. तिनं आपणच काढून वाचलं. ती म्हणाली, माझा भाऊ लहानपणी शेजाऱ्याच्या कुत्र्यालापण अहो-जाहो करायचा, त्याला तिथं एकट्याला पाठवू नका. वैष्णवीला बरोबर न्या.

आशीर्वाद सगळ्यांचा आहे, तोंड तेवढं तुमचं पाहिजे.

शहाजी

•

सोलापूर, १३ जानेवारी

ती. दाजी यांस,

सा. न. वि. वि.

शाल मिळाली नाही. बाकी सगळे मिळाले.

शोरूममध्ये पन्नास खुर्च्या मांडल्या होत्या. मॅनेजरने माझ्या पत्रातली दोन वाक्ये वाचून दाखवली आणि टाळ्या झाल्या. मग माइक माझ्या हातात आला. वैष्णवी पहिल्या रांगेत मांडीवर गाडीचे कागद घेऊन बसली होती. मी म्हणालो की गाडी निम्मीच चार्ज होते, बॅटरी सहा महिने आली नाही, बंद केलेली तक्रार आत्ता उघडा. एवढे बोलून खाली बसलो. तीस वर्षांत इतके छोटे भाषण मी केले नव्हते, आणि माझे इतके नीट कोणी ऐकलेही नव्हते.

मागच्या रांगेतून एक उंच गृहस्थ उठले आणि म्हणाले की माझीपण तीच कथा, साहेब. मग आणखी एक. मोजले तर वैष्णवी धरून अकराजण. खुर्च्या भरायला शोरूमने आपलेच रखडलेले ग्राहक बोलावले होते. एकमेकांची तोंडे आम्ही तिथे प्रथमच पाहिली. फोटो काढणारा समोर उभा होता, त्यामुळे मॅनेजरने तिथल्या तिथे संगणक उघडला. वैष्णवीची तक्रार उघडली आणि पावती तिच्या हातात आली. महिन्याला दोनच बॅटऱ्या येतील, असे त्याने लेखी दिले.

ते उंच गृहस्थ म्हणजे निंगप्पा. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीजवळ त्यांचे पेंडीचे गोदाम आहे. त्यांच्याकडे चौघा भावांत एक विहीर, आणि ज्याचे पीक जास्त सुकते त्याची पाळी आधी, असा आजोबांपासूनचा रिवाज. ते म्हणाले की बॅटऱ्यांचेपण तसेच करू. ज्याचा रोजचा पल्ला लांब त्याला आधी. कागद काढला. पहिले नाव वैष्णवीचे आले. मी भाचीसाठी बोलायचे नाही असे ठरवले होते आणि बोलावे लागलेही नाही. निंगप्पा म्हणाले, ह्या पोरीच्या गाडीत चौघींची नोकरी बसती.

त्यांच्या गोदामापुढे मोकळे अंगण आहे आणि भिंतीला दोन चांगले प्लग. तिथे उघड्यावर, पाळीपाळीने, साधे चार्जिंग. शेजारी माणूस हवा, ही कंपनीची अट. म्हणून ज्वारीची राखण करावी तशी आम्ही गाड्यांची राखण करणार. माझी पाळी मंगळवारी आणि शनिवारी दुपारी. बाजेवर बसून वह्या तपासायच्या.

रत्नम्मांना आज सांगितले. त्या म्हणाल्या की संध्याकाळी दोरखंडाशिवाय घरी पोचले तर बघू. म्हणजे थांबल्या.

आपला
रामहरी

•

वैराग, २० फेब्रुवारी

ती. मामास,

सा. न.

आज बाबांचं पाकीट नाही, माझंच आहे. बाबा लिहायला बसले होते, मग उठून गेले.

कुंभारीला रोज गाडी भरते, त्यामुळे महिनाभर एकदाही रस्त्यात बसले नाही. जीपला गेलेल्या बाई सोमवारपासून परत आल्या. पण बॅटरी या महिन्यातही आली नाही. शोरूमवाले म्हणतात, ट्रक निघालाय. गेल्या महिन्यातपण निघाला होता. एवढ्या दिवसांत तो काशीला जाऊन आला असता.

मामा, मला पाडव्याची भीती वाटते. बाबांनी त्यांच्या भाच्याला फोन करून पुण्याची जागा ठेवायला सांगितली आहे. ते रागानं करत नाहीत. ट्रॅक्टरला अजून मागं दोर बांधून ठेवलाय, तो सोडत नाहीत. मी अशी गाडी चालवते आणि ते घरी घड्याळ बघत बसतात, हे त्यांना सहन होत नाही. त्यांना काय सांगू ते लिहा. पण तुमच्या भाषेत नको.

तुमच्या राखणीच्या दिवशी निंगप्पाकाकांच्या घरचा डबा खाऊन तुमचं वजन वाढलंय, असं मामी म्हणाल्या. माया कमी करू नका, भात कमी करा.

वैष्णवी

•

वैराग, ७ एप्रिल

रा. रा. रामहरी गुरुजी यांसी,

स. न. वि. वि.

पाडवा गेला. गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी किल्ली घेऊन निघाली आणि मी दार उघडून दिलं. पुण्याला फोन करून सांगितलं, जागा दुसऱ्याला द्या. बॅटरी तवा आलेली नव्हती, हे ध्यानात ठेवा. मी काही बॅटरी बघून बदललो न्हाय. महिनोन्महिने पोरगी वेळेवर घरी आली, ते बघून बदललो.

बॅटरी गुरुवारी बसली. यादीतले नऊजण अजून राहिलेत, त्यांची राखण सोडणार नाही असं ती म्हणती. मी म्हणालो, सोडूपण नको.

माझा विश्वास मात्र डोळ्यांवर. काल रविवारी म्हणालो, मला सोलापूरला ने आणि मधी कुठं न थांबता परत आण. तुमच्या दारावरनं गेलो, थांबलो नाही, राग मानू नका. थांबलो असतो तर तुम्ही चहा पाजला असता आणि माझी परीक्षा बिघडली असती. जाताना-येताना मी रस्ता बघितलाच नाही, चार्जिंगच्या टक्क्यांचा आकडाच बघत होतो. शंभर, ऐंशी, साठ. मारुतीचं नाव मनात. पोरगी आपली सीताफळाच्या बागा दाखवतीय आणि मी व्हय व्हय करतोय.

वैराग आलं तवा आकडा सत्तेचाळीस होता. तिनं वेग कमी केला, घराकडं वळायचा दिवा लावला आणि विचारलं, उतरताय ना बाबा? मी म्हणालो, बार्शीला तुझ्या आत्याकडं, मायाक्काकडं जाऊन यायला किती लागतंय? ती म्हणाली, सत्तावीस.

म्हणालो, मग तो दिवा बंद कर आणि सरळ घे.

तुमचा
शहाजी