कफाची शेड

४ फेब्रुवारी, सकाळी

खोकला आहे. काळजीचं कारण नाही. कफ बघितला, पारदर्शक. बाथरूममधला बल्ब पिवळा, त्याच्या उजेडात कुठलाच रंग खरा कळत नाही, म्हणून पांढऱ्या बशीत घेऊन खिडकीशी गेलो. पिवळी झाक नाही. हिरवी तर नाहीच नाही. गाड्यांचे रंग बनवण्यात जन्म गेला माझा. बंपरचा टवका आणून द्या, तोच रंग डब्यात उतरवून देतो. मला माझ्या कफाचा रंग कळणार नाही?

ही म्हणाली, डॉक्टरला दाखवा. म्हटलं, डॉक्टर तरी काय बघणार, रंगच ना.

बशी धुऊन जागेवर ठेवली.

६ फेब्रुवारी

मेहुण्याने मोबाइलवर लेख पाठवला. कफाचा रंग तब्येतीबद्दल काय सांगतो. पारदर्शक कफ बरेचदा निरोगी माणसालाही असतो, असं वरतीच लिहिलंय. झालं! हिला मोठ्याने वाचून दाखवलं. खाली ‘पण’ने सुरू होणारा एक परिच्छेद होता. अॅलर्जी, दमा, खोकला रेंगाळला तर अमुक करा, तमुक करा. तो बाकीच्यांसाठी असावा. ही म्हणाली, पुढचं वाचा की. म्हटलं, चष्मा दुकानात राहिला.

चष्मा डोळ्यांवरच होता. हिने भांडी जरा जोरात घासली.

८ फेब्रुवारी

मालकांनी आत बोलावलं. नवीन जागा घेतलीय, पुढच्या महिन्यात तिकडे जायचं. तिथे मोठी मिक्सिंग रूम, काचेच्या दाराची, आणि तिला एक प्रमुख नेमायचा. एक तर मी, नाही तर मशीनवाला.

मशीनवाला म्हणजे आमच्याकडचा तिशीतला गृहस्थ. रंगाच्या तुकड्यावर यंत्र टेकवतो आणि कॉम्प्युटरला विचारतो, बाबा रे, हा कुठला रंग? स्वभावाने चांगला आहे. मला काका म्हणतो. पण नजर नाही. शिवाय भित्रा. रंग कडक व्हावा म्हणून शेवटी हार्डनर घालावं लागतं, ते ओतताना हा तोंडावर दोन डबड्यांचा मास्क चढवतो. मास्क लावला की माझा चष्मा धुरकटतो, आणि धुरकट चष्म्यातून राखाडी काय न् चांदी काय. माझा मास्क खिळ्याला टांगलेला आहे. अगदी नव्यासारखा राहिलाय.

मालकांनी विचारलं, तब्येत बरी ना? म्हटलं, ठणठणीत. नेमका तेव्हाच खोकला आला. ठसका लागला म्हणून सांगितलं. हातात पाणी नव्हतं की चहा नव्हता, पण मालक सज्जन आहेत.

ती खोली मला मिळाली पाहिजे. मला दुसरं काही येत नाही आणि या वयात शिकायचंही नाही. कुणापुढे बोलणार नाही, इथे लिहून ठेवतो.

१० फेब्रुवारी

आजपासून नियम. सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, संध्याकाळी वाफ, झोपताना मध. थंड बंद. रोज चालणे. नवीन जागेत जायच्या आत खोकल्याला घरचा रस्ता दाखवायचा.

१२ फेब्रुवारी

गुळण्या विसरलो. वाफेचं पातेलं माळ्यावर आहे, शिडी शेजाऱ्यांकडे. चाललो नाही, दुकानात उभंच असतो की दिवसभर. मध संपला. खोकल्यासाठी नव्हे, पावाला लावून.

कफ बघितला. स्वच्छ. डब्यातलं क्लिअर लॅकर इतकं स्वच्छ नसतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर खोकला जवळजवळ नाही! मधाचा गुण. उशिरा का होईना, लागला. हिला म्हटलं, बघ. तिने बघितलं माझ्याकडे. बराच वेळ बघितलं.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी

खोकला परत. हवा बदललीय. दुकानातून घरी येताना जिन्यावर थांबावं लागलं. शेजारीण वरून उतरत होती. तिला वाटलं मी किल्ली शोधतोय. मीही मग खिसे चाचपले.

२० फेब्रुवारी

ही बाहेरच्या खोलीत झोपायला लागली. म्हणते, तुमच्या खोकल्याने माझी झोप होत नाही. खोटं कशाला लिहू, वाईट वाटलं. दमायला झालंय. सकाळी उठतानाच दमलेला असतो. वयोमान.

आणि बशीचं बिंग फुटलं. सहा बशांचा सेट, तिच्या आईने दिलेला. ती एक बशी आता बाथरूमच्या फळीवर आहे आणि सेट पाचाचा झालाय. मी समजावलं की कफ पारदर्शक होता, डाग पडायचा प्रश्नच नाही. ही म्हणाली, आणखी एक शब्द बोलू नका.

२३ फेब्रुवारी, रविवार

थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. सकाळपासून खोकला नाही. तिच्या घराच्या खिडक्या मोठ्या, हवा खेळती. आपल्याकडे तसं नाही. हिला म्हटलं, घर बदलायला हवं. ही म्हणाली, घरच बदलायला हवं का? यात विचारण्यासारखं काय होतं कळलं नाही.

२६ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

आज आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा होता. त्याची बरीच गॅरेजं आहेत. ज्याच्या हातचा नमुना तो पसंत करील त्याला खोली, असं मालकांनी ठरवलेलं. रंग मोत्यासारखा पांढरा. भल्याभल्यांना जमत नाही. मी नुसत्या नजरेने जमवला. पत्र्यावर मारला, वरून लॅकरचा हात दिला. ओला पत्रा उजेडात धरला आणि मलाच भरून आलं, इतका सुरेख उतरला होता. मशीनवालाही म्हणाला, काका, मानलं तुम्हाला.

आणि खोकला आला. दोन्ही हातांत पत्रा. तोंड वळवायला हवं होतं. वळवलं, पण उशिरा.

नीट बघितलं, पत्र्यावर काही दिसेना. कफ पारदर्शक, लॅकर पारदर्शक, दिसणार काय? म्हटलं, वाचलो. पत्रा वाळत ठेवला.

दुपारी गिऱ्हाईक आलं. रंग बघून खूश. मग पत्र्यावरून बोट फिरवलं आणि मधेच थांबलं. तिथे खड्डा पडला होता, त्याच्या भोवती तीनचार बारके. विचारलं, हे काय? मी म्हणालो, धूळ असेल. मशीनवाल्याला खरं काय ते माहीत होतं. तो म्हणाला, हो, धूळच. मालक माझ्याकडे बघत राहिले. मला परत खोकला आला, आणि तो थांबेचना. खुर्ची त्या गिऱ्हाइकानेच ओढून दिली.

मालकांनी सांगितलं, डॉक्टरांचा कागद आणल्याशिवाय खोलीत पाऊल टाकायचं नाही.

२७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे. ही बरोबर. बाईंना मी आधीच सांगून टाकलं की कफ पारदर्शक आहे, माझा धंदाच रंगाचा, माझ्या नजरेत चूक होणार नाही. त्या म्हणाल्या, विश्वास आहे. पण पारदर्शक म्हणजे छाती बरी असं नाही, एवढंच की रंगावरून काही कळत नाही. मग एक नळी दिली, जोरात फुंका म्हणाल्या. मी अंगातला सगळा जोर लावला. काटा अर्ध्यापर्यंतही गेला नाही. तीनदा फुंकलं. नळी जुनी असावी.

बाईंनी विचारलं, खोकला कधी कमी असतो? मी मध, गुळण्या, बहिणीच्या खिडक्या सगळं सांगायला घेतलं. ही मधेच बोलली.

“रविवारी ह्यांना खोकला नसतो. सोमवारी दुकानातून आले की सुरू. माझ्या कधीच लक्षात आलं होतं. पण बोलायचं कसं? त्या खोलीवर ह्यांचा जीव आहे.”

मी हिच्याकडे बघितलं. ती पर्सच्या बंदाशी चाळा करत होती.

बाई म्हणाल्या, दम्याचीच लक्षणं आहेत, आणि बहुतेक हार्डनरमुळे. छातीच्या डॉक्टरांकडे आणखी तपासण्या करू. तोंडाने ओढायचा पंप दिला. आणि हार्डनरपासून लांब. मी विचारलं, मास्क लावून? त्या म्हणाल्या, तो आधी लावायला हवा होता. आता त्या खोलीत जायचंच नाही.

येताना हिने रिक्षा केली. एरवी आम्ही चालत येतो.

२ मार्च, रविवार

पंप घेतो. ही परत आतल्या खोलीत झोपते. तिची झोप होते. हे चांगलं झालं.

पंप काही दिवसांचाच असणार. मग मालकांशी बोलतो. तपासणीत काही निघणार नाही.

१४ मार्च

तपासणीत निघालं.

१८ मार्च

नवीन दुकान. मालकांनी मला काउंटर दिला. पगार तोच, वर पंखा. खोली मशीनवाल्याला. दार काचेचं, त्यामुळे आतलं सगळं दिसतं. कडीकुलूप नाही. मी मनात आणलं तर कधीही जाऊ शकतो. मनात आणत नाही एवढंच.

२० मार्च

मोत्याच्या पांढऱ्याची पहिली ऑर्डर. सकाळपासून आत काम चाललं होतं. मशीनवाल्याने पत्रा उजेडात धरला आणि मला बाहेरून दिसलं, तांबूस झाक आहे. राहवेना. काउंटर सोडून दारापर्यंत गेलो, हात दारावर ठेवला. आत हार्डनर उघडं होतं. तो मास्कमधून ओरडला, “काका, आत नका येऊ!” आणि लगेच हार्डनरचा डबा बंद करून, मास्क उतरवून पत्रा घेऊन स्वतःच बाहेर आला. म्हणाला, तुम्ही बघा, तुमच्याशिवाय पाठवणार नाही.

रस्त्यावर उन्हात नेऊन बघितला. उलटा केला, तिरका धरला. तांबूस नव्हता. कुठेच नव्हता. बरोबर होता.

मी म्हटलं, ठीक आहे, पाठव.

दिवसभरात एकदाही खोकला आला नाही. संध्याकाळी हिने विचारलं, आज कसं होतं? म्हटलं, छान. मग जेवता जेवता पाणी नाकात गेल्यासारखं केलं आणि उठून मोरीत गेलो, थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.