केळीच्या चकतीवरची किक

सर, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही. गेलेल्या माणसाला बोल लावू नये असं माय म्हणते. पण तुम्ही माझा केसानं गळा कापलात, आणि जिवंतपणी मी तुम्हाला एक शब्द बोलले नाही, म्हणून आज बोलते.

आमच्या दापोऱ्यात रग्बी कुणाला ठाऊक होती? शाळेचे खेळाचे सर म्हणून तुम्ही शहरातल्या शनवाऱ्याहून मोटारसायकलवर यायचात. एक दिवस तो लांबोडका बॉल घेऊन आलात, तर बाबा म्हणाले, "यात हवा कमी भरली का काय?" मला किक शिकवायची तुम्हाला भारी हौस. पण बॉल उभा ठेवायला प्लास्टिकची टी लागते, ती शाळेत नव्हती. मग घड काढल्यावर शेतात पडलेला केळीचा खांब तुम्ही कोयत्यानं कापलात, चार बोटं जाड चकती केलीत, मधला गाभा कोरलात आणि त्या खळग्यात बॉल उभा केलात. "ही घे आपल्या गावची टी!" तीन पावलं मागं, दोन डावीकडं, टेकायचा पाय बॉलच्या शेजारी. "बॉल कुठं गेला ते मी पाहतो, पोरी. तू डोकं खाली ठेव." सहा महिने मी डोकं वर केलं नाही. मी मारायची, आणि तुम्ही पोल म्हणून रोवलेल्या दोन बांबूंच्या मागून "गेला!" म्हणून ओरडायचात, तेव्हाच मला कळायचं. चिकाचे डाग माझ्या दोन्ही ड्रेसांवर पडले, आणि केळीचा डाग कधी जातो होय? माय करवादायची, "हिला करून कोण घेईल?" तुम्ही आमच्या ओट्यावर चहा पीत म्हणालात, "वहिनी, ही राज्याकडून खेळेल, लिहून ठेवा." माझ्यावर इतका भरवसा तोवर कुणी ठेवला नव्हता.

मग इंदूरला राज्याच्या संघाची निवड. प्रत्येकीला तीन किक, दोन गेल्या तर नाव यादीत. मी ओल्या गोणपाटात दोन चकत्या गुंडाळून नेलेल्या. बॅगेतून चकती काढते तर पोरी फिदीफिदी हसायला लागतात. हसा म्हटलं. तीन पावलं मागं, दोन डावीकडं, आणि पहिला बॉल पोलांच्या मधून गेला. टेबलाशी बसलेले निवड करणारे एक साहेब उठून आले, चकतीला बुटानं ढोसून म्हणाले, "ये क्या सब्ज़ी ले आई? किसने सिखाया तुझे?" मी तुमच्याकडं बोट केलं. अभिमानानं केलं, सर. तुम्ही नवा ट्रॅकसूट घालून त्यांच्याच टेबलाशी बसलेले. साहेब वळले, आणि तुम्ही सरळ काखा वर केल्यात. "मैंने नहीं, सर. गाँव की लड़की है, अपने मन से करती है."

माझ्या कानात नुसतं सुंई झालं. कुणीतरी प्लास्टिकची टी पुढं ठेवली. दुसरा बॉल पोलाला लागून बाहेर. तिसराही बाहेर. यादीत नाव नाही. परतीच्या बसमध्ये तुम्ही माझ्यासाठी शेंगदाणे घेतलेत, ते मी खिडकीतून फेकून दिले. त्यानंतर मी मैदानावर पाऊल ठेवलं नाही.

महिन्याभरानं तुम्ही घरी आलात, ओट्यावर बसलात. मी आत भाकरी थापत होते, पण सगळं ऐकू येत होतं. बाबांना म्हणालात, "भाऊ, माझंच शिकवणं चुकलं. केळीवर शिकवायला नको होतं. खऱ्या टीवर पोरीचा पाय बसलाच नाही." त्या साहेबांपुढं काय बोललात, ते मात्र गिळून टाकलंत! मला आतल्या आत इतकी चीड आली की भाकरी तव्यावर करपली. बाबांनी दोनदा हाक मारली. मी गेले नाही. पुढं कुठल्याच पोरीला तुम्ही किक शिकवली नाहीत, असं मैत्रिणी सांगायच्या, आणि मला बरं वाटायचं. वर्षभरात तुम्ही गेलात.

आता शाळेतल्या पोरींना रविवारी मी शिकवते. काल एकीनं विचारलं, "दीदी, आप स्टेट क्यों नहीं खेलीं?" मी नेहमीचंच उत्तर दिलं, "हमारे सर पलट गए थे." खोटं नाही ते. तुम्ही पलटलातच, आणि ते मी माफ केलेलं नाही, करेन असं वाटतही नाही. दुसरी किक तुमच्यामुळंच हुकली, पाय लटलटत होते माझे.

पण तिसऱ्या वेळी पाय लटलटत नव्हते. टीही चांगली होती, चकतीपेक्षा चांगली, बॉल कसा ताठ उभा होता. तो जाणार हे मला पावलं मोजतानाच कळलं होतं. मला वाटलं, जाऊ दे नाव, पण ह्यांनी शिकवलेली किक ह्यांच्यासमोर वाया जाताना ह्यांना दिसू दे. मी डोकं वर केलं, तुमच्याकडं पाहिलं आणि बॉल मुद्दाम बाहेर मारला.

हा कागद पाठवणार तरी कुठं? तुमचं शिकवणं चुकलं नव्हतं, सर. तुम्ही बाबांकडं आलात त्या दिवशी ओटा माझ्या चुलीपासून चार पावलांवर होता, आणि मी ते तुम्हाला सांगितलं नाही.