सरांची किटली आणि रुसलेले स्फटिक

ती. मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

कंबर कशी आहे? डॉक्टरांनी वाकू नका म्हटल्यापासून तुम्ही पडलेला चमचासुद्धा मामीकडून उचलून घेता, असं कळलं. चालू द्या.

माझं म्हणाल, तर गेला महिना मी प्रसिद्ध होते. तुमच्या वर्गमित्राच्या, म्हणजे सरांच्या, प्रयोगशाळेत तुम्हीच मला चिकटवलंत, म्हणून सविस्तर सांगते. आमचे स्फटिक दिसायला मिठासारखे, पण आत भोकंच भोकं. (तुमच्या जुन्या बनियनसारखी, म्हटल्यावर मामीला लगेच कळलं.) त्या भोकांत वायूचे कण किती वेगाने शिरतात, ते मी मोजते. स्फटिक तापवून आतून रिकामे करायचे, नाजूक काट्यावर ठेवायचे, वायू सोडायचा आणि वजन वाढताना बघत बसायचं. यंदा वजन वाढेचना. सर खूश. म्हणाले, "पोरी, हा स्फटिक चोखंदळ दिसतो. त्याला हा वायू नकोच आहे." त्यांनी ते अख्ख्या मजल्याला सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात परिषदेत सांगणार आहेत, नवा कोट घालून. माझा प्रबंधही त्याच्यावरच उभा.

सोमवारी माझ्या डोक्यात उजेड पडला. काटा मोकळा होईपर्यंत मी रिकामे स्फटिक ज्या फळीवर उघडे ठेवते, तिच्या बरोबर खाली सरांची चहाची किटली. सर दिवसभर पाणी उकळतात. (खालच्या कँटीनचा चहा त्यांना गरम पाण्याची बदनामी वाटतो.) स्फटिक बिचारे आधीच वाफ पिऊन टम्म, वायूने शिरायचं कुठे? किटली हलवून पुन्हा मोजलं, तर वायू घरचाच असल्यासारखा आत गेला. मला रडूच आलं.

बाकी सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, ती पाळते.

तुमची भाची

ता. क. हे सरांना तुम्हीच सांगा. माझी जीभ रेटत नाही, आणि तुम्हांला प्रबंध द्यायचा नाहीये. फोनच करणार होते, पण दोन दिवस तुम्ही उचलत नाही.

आणखी एक ता. क. आत्ताच मामीचा फोन आला. किटली हललेली बघून सरांना मंगळवारीच सगळं उमगलं म्हणे, आणि "पोरीचा पहिलाच शोध, तूच तिला हळू सांग" म्हणून ते तुमच्या मागे लागलेत. म्हणून तुम्ही कुणाचाच फोन घेत नाही. धन्य आहे मामा. सरांची मात्र फार माया वाटली. त्यांच्याकडेच निघालेय, परिषदेत खरे आकडे सांगू. हे पत्र तरीही टाकते, तुम्हांला थोडी लाज वाटावी म्हणून. मामी म्हणते, तुम्ही शेजारीच झोपेचं सोंग घेऊन पडला आहात. उठा आता.